वर्णन एक, वस्तू दुसरी : पैसे परत कसे मागावेत?



मडके घ्यायला गेलेली बाई आधी ते बोटाने वाजवते. टणटणीत आवाज आला तर मडके चांगले. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. मग ती ते खाली ठेवते आणि दुसरे उचलते. आपले आईबाप असाच सौदा करीत आले. वस्तू समोर, विकणारा समोर आणि पैसे आपल्या मुठीत.

आता पुष्कळ सौदे मोबाइलवर होतात. वस्तू दूरच्या शहरात असते. विकणाऱ्याचे तोंड दिसत नाही. पैसे आधी जातात, वस्तू मागून येते. मडके वाजवून पाहायला मिळत नाही. अशा सौद्यात गिऱ्हाइकाच्या हाती एकच आधार असतो. तो म्हणजे विकणाऱ्याने लिहिलेले वर्णन. ते वर्णन नीट वाचणे, जपून ठेवणे आणि खोटे निघाले तर त्याच्याच आधाराने पैसे परत मागणे, हे आपण या धड्यात शिकू.

काकींचे शिलाई मशीन

एक उदाहरण घेऊ. ते समजण्यासाठी रचलेले आहे. त्यातला कायदा मात्र खरा आहे.

पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर एक काकी राहतात. त्या ब्लाउज, फ्रॉक आणि शाळेचे गणवेश शिवतात. त्यांचे जुने मशीन पार झिजले. नवे घेणे परवडेना. जून महिना तोंडावर आला होता. महाडला कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने मोबाइलवर एक सेकंडहँड मशीन शोधले. किंमत साडेपाच हजार रुपये. काकींनी बचत गटातून कर्ज काढले आणि पैसे भरले.

आठ दिवसांनी मशीन आले. काकींनी कापड लावले. सुई खाली गेली ती वर येईना. मोटरीला करपल्यासारखा वास येऊ लागला.

संध्याकाळी काकी साक्षरता वर्गात आल्या, पण त्यांचे लक्ष लागेना. शिकवणाऱ्या बाईंनी विचारले,

"काकी, आज गप्प का?"

"काय सांगू, बाई. मशीन आलं, पण चालत नाय. पुतण्यानं विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणतो, जुनं घेतलंत, जुनं आलं. आता तक्रार कसली?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? स्वस्ताच्या नादी लागले. आपलंच नशीब फुटकं."

"नशिबाला बोल लावू नका. त्या माणसानं मशीनबद्दल काय लिहिलं होतं, ते आधी वाचू या. मोबाइल आणलाय ना? तुम्हीच वाचा."

काकींनी एकेक अक्षर लावत जाहिरात वाचली. "दोन वर्षे वापरलेले. मोटर चालू. गंज नाही. घेतल्याबरोबर शिवायला बसा."

बाई म्हणाल्या, "ही चार वाक्यं झाली. आता एकेक वाक्य मशीनशी ताडून पाहायचं."

जुने असणे वेगळे, खोटे असणे वेगळे

जुनी वस्तू नव्यासारखी असणार नाही, हे उघड आहे. रंग उडालेला असेल. लाकडी फळीवर ओरखडे असतील. पट्टा सैल झाला असेल. अशा गोष्टींची तक्रार करता येत नाही. जुने म्हणून घेतले, ते जुनेच निघाले.

पण "मोटर चालू" असे लिहिले आणि मोटर बंद निघाली, तर तो जुनेपणा नव्हे. ते खोटे वर्णन आहे. "गंज नाही" असे लिहिले आणि आत गंज निघाला, तर तेही खोटे वर्णन आहे.

आपल्या देशात १९३० सालापासून माल विक्रीचा कायदा आहे. त्यात म्हटले आहे की, वर्णन सांगून वस्तू विकली असेल, तर वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. ही अट सौद्यातच धरलेली असते. ती वेगळी लिहावी लागत नाही. वस्तू नवी असो वा जुनी, अट तीच. न पाहता घेतलेली वस्तू तपासून पाहण्याचा हक्कही हाच कायदा घेणाऱ्याला देतो. वस्तू जुळली नाही तर घेणारा ती नाकारू शकतो.

मात्र नाकारायचे तर लवकर नाकारावे. वस्तू घरात ठेवली, वापरली आणि पुष्कळ दिवस काहीच कळवले नाही, तर ती स्वीकारली असे धरले जाते. म्हणून काकींनी त्या मशीनवर आणखी शिवून पाहू नये. विकणाऱ्याला ताबडतोब कळवावे.

आधी पुरावा, मग भांडण

आपण रागावलो की आधी फोन करतो. शब्दाला शब्द वाढतो आणि हाती काही राहत नाही. त्याऐवजी पहिल्याच दिवशी पुढील कामे करावीत.

१. जाहिरातीचा फोटो मोबाइलमध्ये साठवावा. त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. त्यात वर्णन, किंमत आणि विकणाऱ्याचे नाव दिसले पाहिजे. हे काम सर्वांत आधी करावे. तक्रार आली की विकणारा जाहिरात काढून टाकू शकतो. खरे तर पैसे भरण्यापूर्वीच हा फोटो काढून ठेवावा.

२. पैसे भरल्याची पावती, बिल आणि आलेले संदेश जपावेत. बिल मागूनही न देणे हा गैरव्यवहार आहे, असे ग्राहक कायदा सांगतो.

३. पार्सल उघडताना दुसऱ्या कोणाकडून मोबाइलवर चित्रीकरण करून घ्यावे. खोक्यावरील पत्ता दिसू द्यावा. खोके आणि वेष्टन फेकू नये.

४. वस्तूतील खोट दिसेल असे फोटो काढावेत. मोटर चालत नसेल तर बटण दाबतानाचे चित्रीकरण करावे.

५. जाणत्या कारागिराला वस्तू दाखवावी. त्याने पाहिलेली खोट तारीख घालून कागदावर लिहून घ्यावी. पण दुरुस्ती करू नये, भाग बदलू नयेत. नाहीतर विकणारा म्हणेल, तुम्हीच बिघडवले.

काकींनी मशीन एस.टी.ने महाडला नेले. कारागिराने खालचे झाकण उघडले. शटलच्या घरात गंज होता. कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ होता. वरून मात्र ताजा रंग मारलेला होता. कारागीर म्हणाला, "काकी, हे पाण्यातून निघालेलं आहे." महाडच्या माणसाला ही ओळख शिकवावी लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीला पूर आला. महाड शहरात घराघरांत आणि दुकानांत पाणी शिरले. मोटरी, फ्रीज आणि मशिनी चिखलात बुडाल्या. पाण्यात राहिलेली मोटर कशी दिसते, ते इथल्या कारागिरांनी चांगले पाहिले आहे. काकींचे मशीन कुठल्या पाण्यात बुडाले होते, हे कळायला मार्ग नाही. पण "गंज नाही" हे वाक्य खोटे होते, एवढे सिद्ध झाले. आपल्याला तेवढेच पुरे.

विकणारा कोण?

पुढे जाण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. कारण त्यावर आपला रस्ता ठरतो.

पहिला प्रकार व्यापाऱ्याचा. तो अशा वस्तू नेहमी विकतो. तो त्याचा धंदा आहे. त्याला ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. आपल्या देशात हा कायदा पहिल्यांदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ सालचा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापाराचे नियमही आले. त्या नियमांप्रमाणे, वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापले म्हणून हा हक्क जात नाही.

दुसरा प्रकार घरगुती माणसाचा. आपली स्वतःची वापरलेली वस्तू तो एकदाच विकतो. फेसबुक मार्केटप्लेससारख्या ठिकाणी असे पुष्कळजण भेटतात. त्यांना ऑनलाइन व्यापाराचे नियम लागू होत नाहीत. म्हणून काय त्यांनी खोटे बोलावे? नाही. १९३० सालचा माल विक्रीचा कायदा त्यांनाही लागू आहे. १८७२ सालचा कराराचा कायदाही लागू आहे. खोटे सांगून केलेला करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. पण तिथे ग्राहक आयोग नाही. लेखी मागणी करावी लागते आणि ती मानली नाही तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. मुळात फसवण्याच्याच हेतूने पैसे घेतले असतील, तर पोलिसात तक्रार देता येते.

म्हणून घरगुती माणसाकडून घेताना शक्य तर स्वतः जावे, वस्तू चालवून पाहावी आणि मगच पैसे द्यावेत. इथे मडके वाजवून घ्यावे! जुना मोबाइल घेत असाल तर आणखी एक काळजी घ्या. त्यावर *#०६# दाबा. पंधरा आकडी क्रमांक दिसेल. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहा, जागा सोडा, तो क्रमांक लिहा आणि १४४२२ वर संदेश पाठवा. तो मोबाइल रोखलेला आहे काय, ते उत्तरात कळते. चोरीचा माल स्वस्त मिळाला तरी तो शेवटी महागच पडतो.

काकींचा विक्रेता व्यापारी होता. त्याच्या नावावर अशी अनेक मशिने विक्रीला होती.

"तुम्ही ग्राहकच नाही!"

विक्रेत्याने आणखी एक आडकाठी घातली. तो म्हणाला, "तुम्ही मशीन धंद्यासाठी घेतलंत. ग्राहक कायदा घरगुती वापरासाठी आहे."

यात अर्धे खरे आहे. मोठ्या व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. पण स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी मानली जात नाही. हे कायद्यातच लिहिले आहे. स्वतः शिवणारी शिंपीण, स्वतःची रिक्षा चालवणारा, स्वतःच्या गाडीवर भजी तळणारा, हे सारे ग्राहकच आहेत.

मागणीचे पत्र

बाई म्हणाल्या, "फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. लिहिलेलं राहतं. आता पत्र लिहा." वर्गाने मिळून पत्र तयार केले. ते असे:

"यांस,
विषय : वर्णनाशी न जुळणाऱ्या शिलाई मशीनचे पैसे परत मिळण्याबाबत.

मी तुमच्याकडून सेकंडहँड शिलाई मशीन घेतले. ऑर्डर क्रमांक, तारीख आणि भरलेले ५,५०० रुपये यांची पावती जोडली आहे. तुमच्या जाहिरातीत 'मोटर चालू' आणि 'गंज नाही' असे लिहिले होते. मशीन मला मिळाले त्या दिवसापासून मोटर चालत नाही. शटलमध्ये गंज आहे. कारागिराचा लेखी अभिप्राय व फोटो जोडले आहेत. वस्तू वर्णनाशी जुळत नसल्याने मी ती नाकारीत आहे. मशीन वापरलेले नाही, दुरुस्त केलेले नाही. ते नेण्याची व्यवस्था करावी आणि १५ दिवसांत पूर्ण पैसे परत करावेत. तसे न झाल्यास मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

या पत्रात शिवीगाळ नाही. रडगाणे नाही. काय लिहिले होते, काय निघाले आणि मला काय हवे, एवढेच आहे. पत्र विकणाऱ्याला कळेल त्या भाषेतही द्यावे. ते ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवावे. एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

वस्तू परत पाठवण्याचा खर्च विक्रेता आपल्यावर ढकलतो. सौद्यात वेगळे ठरले नसेल, तर नाकारलेली वस्तू पोचती करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर नसते. "मी नाकारले आहे, घेऊन जा" असे कळवले की पुरे.

दाद कुठे मागावी?

पहिली पायरी. ज्या ऑनलाइन दुकानातून वस्तू घेतली, तिथे तक्रार नोंदवावी. वस्तू परत घेण्याची मुदत तिथे लिहिलेली असते. ती चुकवू नये. प्रत्येक ऑनलाइन दुकानाने तक्रार अधिकारी नेमलाच पाहिजे आणि त्याचे नाव व पत्ता दाखवला पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा, असा नियम आहे. तक्रारीचा क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

दुसरी पायरी. १९१५ या क्रमांकावर फोन करावा. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. फोनला पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. मदतवाहिनी हुकूम देत नाही. ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते. पुष्कळ तंटे इथेच मिटतात.

तिसरी पायरी. जिल्हा ग्राहक आयोग. रायगड जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी काकींना दिल्लीला जावे लागत नाही. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. सरकारच्या ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्याही दाखल होते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी. वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असा कायद्याचा उद्देश आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो. आयोग पैसे परत करायला लावू शकतो. झालेल्या नुकसानीची भरपाईही देववू शकतो.

वकिलाचा सल्ला हवा असेल तर १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर विचारावे. स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी त्यांचे उत्पन्न विचारले जात नाही.

परताव्याच्या नावाने दुसरी फसवणूक

एका फसवणुकीतून सुटताना माणूस दुसरीत सापडतो. तक्रार केली की कधी अनोळखी माणसाचा फोन येतो. "तुमचे पैसे परत करतो. हा चौकोनी कोड स्कॅन करा आणि पिन टाका," असे तो म्हणतो. असे कधीही करू नका. पैसे घेताना पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. ओटीपी कोणाला सांगू नका. कंपनीचा फोन क्रमांक तिच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्या. पैसे गेलेच तर एक क्षण न दवडता १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. लवकर कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते.

काकींचे काय झाले?

पत्र मिळाल्यावर विक्रेत्याचा सूर बदलला. तो म्हणाला, "हजार रुपये परत घ्या आणि मशीन ठेवा." अशी तडजोड करायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. वस्तू थोड्या खर्चात चालू होणार असेल तर तडजोड वाईट नाही. ती लेखी मात्र असावी. काकींनी कारागिराला विचारले. तो म्हणाला, मोटर आणि शटल दोन्ही बदलावे लागेल. हजारात भागणार नाही. काकींनी नकार कळवला. ऑनलाइन दुकानाकडे तक्रार केली. तिथून उत्तर लांबले तेव्हा १९१५ वर फोन केला. शेवटी माणूस येऊन मशीन घेऊन गेला आणि साडेपाच हजार रुपये खात्यात जमा झाले.

पण जूनचे गणवेश हातचे गेले. बचत गटाचा हप्ता कोंबड्या विकून भरावा लागला. म्हणून पैसे परत मिळवण्यापेक्षा आधी नीट वाचून घेणे केव्हाही चांगले.

महाडच्या भूमीला एक गोष्ट ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी ते हक्काचे पाणी २० मार्च १९२७ पर्यंत कागदावरच राहिले. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या थोर लढ्याशी साडेपाच हजारांच्या तक्रारीची बरोबरी कोणी करू नये. पण कागदावरचा हक्क वापरल्याशिवाय हाती येत नाही, हा धडा लहान कामालाही लागू पडतो.

आपण अक्षरे शिकलो ती केवळ सही करण्यासाठी नव्हे. दुसऱ्याने काय लिहिले ते वाचावे, त्याला त्याच्या शब्दाला धरावे आणि आपले म्हणणे लिहून मांडावे, यासाठीही शिकलो.

लक्षात ठेवा

पैसे भरण्याआधी वर्णन वाचा आणि त्याचा फोटो ठेवा.
पार्सल उघडताना चित्रीकरण करा.
खोट दिसली की वापर थांबवा. लगेच लेखी कळवा.
ग्राहक मदत १९१५. ऑनलाइन पैशांची फसवणूक १९३०.
पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

प्रश्न

१. "जुने घेतले, जुने आले," या विक्रेत्याच्या बोलण्याला काकी काय उत्तर देतील?
२. कारागिराला वस्तू दाखवावी, पण दुरुस्ती करू नये. असे का?
३. व्यापाऱ्याकडून घेणे आणि घरगुती माणसाकडून घेणे यांत काय फरक आहे?
४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूचे खरे वर्णन चार वाक्यांत लिहा. तिची खोटही लिहा.